दप्तरात दडविलेला पंप

पावसाळ्यात भिंतींना ओल धरली की वर्गात खोकल्याचे आवाज वाढू लागतात. अशाच एका दिवशी कवायतीच्या तासाला एक विद्यार्थिनी धापा टाकीत खाली बसली. दम्याचा पंप तिच्या दप्तरातच होता. परंतु मैत्रिणी हसतील, या भयाने तिने तो बाहेर काढला नव्हता. तिला वेळीच आराम पडला. आमच्या मनाला मात्र त्या लाजेची टोचणी लागून राहिली.

दमा हा संसर्गजन्य रोग नव्हे, आणि लाजिरवाणा तर मुळीच नव्हे. श्वासनलिकांना आतून सूज येते, भोवतालचे स्नायू आवळतात आणि श्वास कोंडतो. 'पंपाची सवय लागते' ही घरोघरची समजूत निराधार आहे. गोळी सर्वांगात भिनते; पंपातील औषध थेट श्वासनलिकांत पोहोचते. म्हणूनच गोळीतील स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजतात, तर पंपातील त्याच्या सहस्रांश मापाने, मायक्रोग्रॅममध्ये. ते घेतल्यावर चूळ भरली की तोंडात बुरशी येण्याचे भयही कमी होते.

खरी चूक निराळीच आहे. साल्ब्युटामॉलचा पंप स्नायू सैल करून काही तास आराम देतो. सूज मात्र तशीच राहते. ती उतरविण्यास श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइडच हवे. म्हणूनच 'गिना' या जागतिक संस्थेने २०१९ साली सांगितले की, प्रौढांनी व बारा वर्षांपुढील मुलांनी केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर विसंबू नये. तीव्र दम्यासाठी आता इंजेक्शनेही निघाली आहेत. ओमालिझुमॅबला अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली, टेझेपेलुमॅबला २०२१ साली. परंतु ती महाग असून थोड्याच रुग्णांना लागतात. बहुतेकांचे काम साध्या पंपाने भागते.

मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादेत जिवंत माशाच्या मुखात औषध घालून तो गिळण्यासाठी हजारो लोक रांगा लावतात. त्यांच्या श्रद्धेचा आम्ही उपहास करीत नाही. परंतु त्या उपायाने दमा बरा होतो, हे शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेले नाही. त्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेला पंप सोडणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

अधू दृष्टीच्या मुलाने चष्मा लावला तर आपण हसत नाही. मग पंपालाच का हसावे? पालकांनी तो मुलांच्या दप्तरात विसरू नये, शिक्षकांनी तो वापरण्यास आडकाठी करू नये. आणि विद्यार्थी मित्रहो, शेजारचा सोबती पंप काढील तेव्हा त्याच्याकडे टक लावून पाहू नका, त्याच्याजवळ उभे राहा. एवढे झाले तरी औषधाचे निम्मे काम झाले, असे आम्ही समजू.