कॅमेरा कुठला घेऊ?

सॉफ्टवेअरमधे नोकरी करणाऱ्या माणसाला नातेवाइकांत एक कायमचं खातं सांभाळावं लागतं. आधी "कॉम्प्युटर कुठला घेऊ?", मग "मोबाइल कुठला घेऊ?", आणि हल्ली "घरात लावायला कॅमेरा कुठला घेऊ?" आपण दिवसभर कुठल्याशा बँकेच्या जुनाट कोडमधले बग शोधतो, त्याचा कॅमेऱ्याशी सुतराम संबंध नसतो. पण ते कोणाला सांगणार! असो. माझं उत्तर आता ठरलेलं आहे: कुठला ते नंतर बघू, आधी कोणावर लावताय ते सांगा.

"कोणावर म्हणजे काय? चोरावर!" असं समोरचा ठासून सांगतो. आता जरा विचार करा. चोर वर्षानुवर्षं येत नाही, घरची माणसं मात्र रोज असतात. म्हणजे चोरासाठी आणलेला कॅमेरा प्रत्यक्षात चित्रण करत बसतो ते कामाच्या मावशींचं, बाळाला सांभाळणाऱ्या ताईंचं, आई-बाबांचं आणि टॉवेलवर मोबाइल शोधत फिरणाऱ्या आपलं. माझा मुद्दा एवढाच, की घरातला कॅमेरा हे घरच्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र आहे, तेव्हा घरच्यांना विचारूनच तो निवडावा आणि लावावा. मेगापिक्सेल वगैरे त्यानंतर.

"आपल्या घरातलं बघून कोणाला काय मिळणार?" हा पुढचा लाडका प्रश्न. २०१६ मधे 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी लागली फक्त कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांचं घर बघण्यात कोणालाच रस नव्हता, त्यांचे कॅमेरे इतरांवर हल्ला करायला जुंपले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अमेरिकेत काही तास कोलमडल्या त्या यामुळेच.

"मग चांगल्या कंपनीचा घेऊ." जरूर घ्या, पण निर्धास्त होऊ नका. जानेवारी २०२० मधे नेदरलँड्समधल्या एका ग्राहकाने शाओमीचा कॅमेरा गूगलच्या स्क्रीनला जोडला, तर त्याला दिसली परक्या घरातली चित्रं, त्यात पाळण्यात झोपलेलं बाळसुद्धा. 'सगळं तुमच्या घरातच साठवतो' अशी जाहिरात करणाऱ्या युफीच्या कॅमेऱ्यांमधून काही चित्रं क्लाउडवर जातात, हे २०२२ च्या शेवटी उघड झालं. रिंगच्या एका कर्मचाऱ्याने २०१७ मधे महिला ग्राहकांची हजारो रेकॉर्डिंग्ज बघितली, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मधल्या तक्रारीत म्हटलं, आणि ५८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. आणि फेब्रुवारी २०२४ मधे वाइझच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना दुसऱ्यांच्या घरातली चित्रं दिसली. कारण काय, तर सर्व्हर बंद पडून परत सुरू होताना, अचानक आलेल्या लोडखाली एका कॅशिंग लायब्ररीने युजर आयडी आणि डिव्हाइस आयडीची अदलाबदल केली. ज्यांनी कधी रात्री दोनला कॅशचा बग शोधलाय त्यांच्या अंगावर काटा येईल. तिथे ना कोणी हॅकर होता, ना कोणी वाईट माणूस. होता फक्त आपल्यासारखाच कोणीतरी लिहिलेला कोड.

आपल्या सरकारने याबाबत एक बरं पाऊल उचललंय. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची सुरक्षेच्या निकषांवर प्रयोगशाळेत तपासणी ९ एप्रिल २०२५ पासून सक्तीची झाली. तेव्हा प्रमाणपत्र नसलेला स्वस्तातला माल घेऊच नका. पण प्रयोगशाळा यंत्राचं कुलूप तपासते. किल्ल्या घरात कोणाकोणाकडे आहेत, हे ती कशी तपासणार?

आता प्रत्यक्ष खरेदीचं. बारा-पंधरा फुटांच्या खोलीला दोन मेगापिक्सेल पुरतात. मेमरी कार्डाची सोय हवी आणि दरमहा वर्गणी न भरताही रेकॉर्डिंग बघता यायला हवं. हिशोब सोपा आहे. सेकंदाला एक मेगाबिट धरलं तर दिवसाचे साधारण अकरा जीबी होतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात अकरा-बारा दिवस मावतात, मग जुनं आपोआप पुसलं जातं. पुसलं जाणं हा दोष समजू नका, घरातल्या रेकॉर्डिंगचा तो सर्वात मोठा गुण आहे. "चोराने कॅमेराच नेला तर?" ही शंका रास्त आहे. तेवढ्यासाठी दार उघडतानाच्या छोट्या क्लिप क्लाउडवर जाऊ द्या, चोवीस तासांचं चित्रण नको.

लॉगिनला पासवर्डबरोबर ओटीपी हवाच. बायकोचं, भावाचं, आईचं खातं वेगळं करा, एकच पासवर्ड फॅमिली ग्रुपवर टाकू नका. (हसू नका, सर्रास टाकतात!) राउटरमधे गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर कॅमेरा त्यावर ठेवा, म्हणजे उद्या तो कोणाच्या हाती लागला तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचणं अवघड जाईल. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर वीज गेली की पन्नास हजारांचा बंदोबस्त आंधळा. आणि आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करा. घरात जे दिसतं त्यापेक्षा जे बोललं जातं तेच जास्त खाजगी असतं.

लावायचा कुठे? आतून मुख्य दाराकडे तोंड करून. सोफ्याकडे नको, बेडरूममधे तर नकोच. खिडकीच्या काचेमागे ठेवून बाहेरचं बघायचा विचार असेल तर रात्री त्याचा स्वतःचाच इन्फ्रारेड प्रकाश काचेवरून परत येतो आणि पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही.

इथपर्यंतचं सगळं यूट्यूबवरही मिळेल. अवघड भाग पुढेच आहे.

आधी मावशींचं बघू. "सांगितलं तर काम सोडून जातील," असं बरेच जण म्हणतात. म्हणजे माहीत असतं तर त्यांनी हे मान्य केलं नसतं, याची आपल्याला खात्री आहे आणि म्हणूनच आपण सांगत नाही! कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्याने स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. बाई खाजगी अवस्थेत असताना तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पण भांडी घासणाऱ्या बाईंवर दिवसभर रोखलेल्या कॅमेऱ्याचं काय? तिथे आपली रीतभातच उरते.

दुसरी बाजूही खरी आहे. २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपते तेव्हा बाळ सहा महिन्यांचंही नसतं. त्याला दिवसभर कोणाच्या तरी हाती सोपवून हिंजवडी गाठणाऱ्या आईला "विश्वास ठेव" म्हणणं सोपं आहे. बाळ बोलू शकत नाही, तेव्हा तिथे कॅमेरा असावा, याबद्दल माझा वाद नाही. पण तो उघड्यावर असावा, कामाला ठेवतानाच सांगितलेला असावा, आणि ताईंना जेवायला, पाठ टेकायला घरात एक तरी जागा कॅमेऱ्याबाहेरची असावी. आणखी एक. उद्या घरातली बांगडी सापडली नाही तर पहिला संशय कोणावर जातो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा "रेकॉर्डिंग बघू या" असं म्हणायचा हक्क त्यांनाही द्या. पुरावा फक्त मालकाच्याच बाजूने वापरता येत असेल तर त्याला पुरावा म्हणण्यात अर्थ नाही.

आणि आई-बाबा. मुलगा न्यू जर्सीला, आई-बाबा कोथरूडला आणि हॉलमधे कॅमेरा, हे दृश्य आता नवीन राहिलेलं नाही. हेतू अर्थातच मायेचा असतो. पण जे आजोबा आयुष्यभर उन्हाळ्यात बनियनवर पेपर वाचत बसले, ते आता सदरा घालून बसतात. आजी शेजारणीशी सुनेबद्दल दोन शब्द बोलायचे तर गॅलरीत जाते. आणि "जेवलात का?" हा फोन हळूहळू बंद होतो, कारण जेवताना दिसलेले असतात. शिवाय बाबा दुपारी अडीचला पडले तर तिकडे पहाटेचे चार-पाच वाजलेले असतात, स्क्रीन कोण बघणार? त्या वेळी कामाला येतो तो घराची किल्ली असलेला शेजारी. तेव्हा कॅमेरा लावाच, पण तो बंद करायचं बटण त्यांच्या हाताशी असू द्या, आणि त्यांनी बंद केला तर पाचव्या मिनिटाला "का बंद केलात?" असा फोन करू नका.

जाता जाता एक गोष्ट. जगातला पहिला वेबकॅम म्हणून जो ओळखला जातो तो १९९१ मधे केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमधे लागला. त्याचं तोंड होतं कॉफीच्या भांड्याकडे! जिने चढून जावं आणि भांडं रिकामं मिळावं, याला तिथले संशोधक कंटाळले होते. चित्र १२८ बाय १२८ पिक्सेलचं, तेही काळं-पांढरं. तरी २००१ पर्यंत तो चालला, कारण त्याला विचारायचा प्रश्न एका ओळीचा होता: कॉफी आहे का?

तुम्हीही कॅमेरा मागवण्याआधी तुमचा प्रश्न एका ओळीत कागदावर लिहून काढा. "दार उघडलं का?" असेल तर दाराला लावायचा छोटा चुंबकाचा सेन्सर पुरतो. "मनी दिवसभर काय करते?" असेल तर खुशाल लावा, मांजर तक्रार करणार नाही. पण त्या ओळीत एखाद्या माणसाचं नाव आलं, तर तो कागद आधी त्या माणसाला वाचायला द्या. मग मला फोन करा, मॉडेल सांगतो.