उसनं घेतलंय, पण किती वेळासाठी?

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीतल्या चुका पोटात घाला. पण हा विषय आहे उसनवारीचा, आणि तो आपल्या भाषेतच छान सांगता येतो.

होस्टेलवर उसनवारी रोजचीच. "ड्राफ्टर दे, इथेच बसून शीट संपवतो" म्हणणाऱ्याला आपण बिनधास्त देतो. पण "शीट रात्री कधीतरी काढीन" म्हणणाऱ्याचं काय? तोवर मालक ड्राफ्टर घेऊन गावी गेला तर?

रस्टचा कंपायलर नेमका इथेच अडवतो. क्लोजर म्हणजे आजूबाजूच्या गोष्टी सोबत बांधून घेतलेलं काम. असिंक म्हणजे ते मध्ये थांबत थांबत चालणार. त्यातून टोकियोच्या स्पॉनला दिलेलं काम कधी संपेल याचा भरवसा नाही. म्हणून तिथे फंक्शनमधल्या व्हेरिएबलचा उसना रेफरन्स चालत नाही.

चाकणच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही मशीनचं तापमान बघणारा प्रोग्रॅम लिहीत होतो. हीच एरर आली. सगळे करतात तेच मी केलं: दिसेल तिथे मूव्ह आणि क्लोन! कंपायलर गप्प झाला. पुढे तिथल्या काकांनी तापमानाची मर्यादा कमी केली, तरी अलार्म वाजेना. कारण चालू असलेल्या प्रत्येक कामाकडे जुन्या मर्यादेची झेरॉक्स होती. कंपायलर गप्प आहे म्हणजे आपलं बरोबर आहे, हा माझा गैरसमज त्या दिवशी गेला.

क्लोन करणं पाप नाही. पण आधी स्वतःला विचारा, हे काम इथेच संपणार आहे का? मग स्पॉन कशाला? अवेट करा, उसनं चालतं. काम लांब जाणार आणि झेरॉक्स पुरणार असेल, तर खुशाल क्लोन करा. सगळ्यांना मूळ वस्तूच हवी असेल तर आर्क घ्या. त्याचा क्लोन झेरॉक्स काढत नाही, फक्त एक भागीदार वाढवतो. आणि ती वस्तू मध्येच बदलणार असेल तर आत म्यूटेक्स हवा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या रस्ट १.८५ पासून असिंक क्लोजर मिळाले. क्लोजरने धरलेली वस्तू आता त्याच्या फ्यूचरला उसनी देता येते, पूर्वीची बॉक्स-पिनची कसरत बरीच वाचते. स्पॉनचा नियम मात्र तोच आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा कोड उद्या पिंपरी, भोसरी, चाकणच्या मशीनवर चालेल, आणि त्या मशीनसमोर कुणीतरी उभं असेल. म्हणून मित्रांनो, एरर आली की आधी वाचा. कंपायलर साधा प्रश्न विचारतोय: घेतलंस ते ठीक, पण परत कधी देणार?