प्रार्थना करा, पण गोळी बंद करू नका

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, टीबी आहे. अशा घरात कुणी येऊन 'विश्वास ठेवा, औषध सोडा' म्हणत असेल, तर ती येशूची शिकवण आहे का?

ख्रिस्ती बांधवांनो, हे ओळखायला बायबल पुरेसं आहे. बिरुयाचे लोक खुद्द पौलाचं बोलणंही रोज शास्त्राशी ताडून पाहायचे (प्रेषितांची कृत्ये १७:११). पौलाचा सोबती लूक वैद्य होता. आणि रोगी बरे करायला शिष्यांना पाठवताना येशूने फुकट द्यायला सांगितलं (मत्तय १०:८). मग 'चंगाई'साठी पैसे कसले?

मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, ते डॉ. वानलेस या मिशनरी डॉक्टरांमुळे. प्रार्थना आणि औषध तिथे भांडले नाहीत.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही चर्चमधल्या प्रार्थनेच्या आड येत नाही. पण साप चावलेल्याचा उपचार रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. मग तो बुवा असो, मौलवी असो की पास्टर.

टीबीचं औषध मधेच सोडलं की जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. तेव्हा 'औषध सोड' म्हणणाऱ्याला एकच विचारा : बायबलात हे कुठं लिहिलंय, दाखव.