हातचं काम : विंच नवी, पण डेक कसा आहे?

सॅमामिश तळ्यावर छोट्या होडीत शिडाचे धडे गिरवून ज्यांनी आता सिएटलच्या शिलशोल बे मरिनात एखादी जुनी होडी घेतली आहे, त्यांच्यासाठी यंदाचा विषय : विंच बदलणं.

विंच म्हणजे दोर ओढायचा उभा रहाट. दोराचे तीन-चार वेढे घड्याळाच्या दिशेने घ्यायचे आणि हँडल फिरवायचं. ४० क्रमांकाच्या विंचवर खालच्या गिअरमध्ये हाताचा १५ किलो जोर कागदावर ६०० किलो होतो. थोडा घर्षणात जातो, उरलेला सगळा पाच-सहा बोल्टांवरून डेकवर येतो. म्हणून खरेदीच्या आधी डेक तपासा.

अनेक जुन्या होड्यांच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं. बोल्टाच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं. खारं पाणी परवडलं, पण आपल्याकडचा पाऊस लाकडाला जास्त बाधतो. अशा पोकळ डेकवरची विंच जोराच्या वाऱ्यात उपटून निघाली, तर शेजारी बसलेल्याचा जीव जाऊ शकतो.

लाकडी गाभा मुळात वाईट नव्हे. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ लाकडी गाभ्याचीच. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. भारतीयाने शिडाच्या होडीतून केलेली ती पहिली एकल प्रदक्षिणा. गाभा कोरडा हवा, एवढंच.

मडकं घेताना वाजवतो तसा विंचभोवतीचा डेक प्लास्टिकच्या मुठीने वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर आधी डेकची दुरुस्ती, मग विंच.

डेक चांगला असेल तर जुनी भोकं मोठी करा, ओलसर भुसा काढा, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरा. ते वाळल्यावर त्यातूनच नवी भोकं पाडा, म्हणजे बोल्ट लाकडाला लागणारच नाही. दोर ड्रमवर किंचित खालून चढला पाहिजे, नाहीतर वेढे एकमेकांवर बसून अडकतात. बैठकीची दिशा कंपनीच्या पत्रकाप्रमाणे ठेवा. भोकांच्या तोंडाशी ब्यूटिल टेप लावा, पण विंचच्या तळातल्या पाणी जाण्याच्या वाटा बुजवू नका. डेकच्या खालून जाड पट्टी लावा, नुसते वॉशर पुरत नाहीत.

काम दोघांचं आहे. वरच्याने बोल्ट स्थिर धरायचा, खालच्याने नट आवळायचा. बोल्ट फिरला तर टेपचा सांधा मोडतो. केबिनच्या कपाटात शिरायला मुलं सोयीची. आई वर, लेक खाली, आणि मध्ये फायबरग्लास : ‘अजून अर्धा आटा’, ‘थांब’, ‘सोड’ हे शब्द मुलांना असेच पाठ होतात. वर्गात ते कोणी शिकवत नाही.

आत्ता दिवाळीत फक्त पाहणी करा. १० अंश सेल्सिअसखाली बरंच इपॉक्सी नीट घट्ट होत नाही, तेव्हा काम जुलै-ऑगस्टचं. मात्र गळती शोधायला नोव्हेंबरच्या पावसासारखा मदतनीस नाही. बोल्टांखाली कोरडा कागद चिकटवून ठेवा आणि पुढच्या शनिवारी जाऊन बघा.