हिमालयाचा भूतकाळ आणि उद्याचा धोका

जानेवारी 2023 मध्ये उत्तराखंडमधील जोशीमठ येथे शेकडो घरांना तडे गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातील सिल्क्यारा बोगद्याचा काही भाग कोसळला आणि 41 कामगार 17 दिवस आत अडकून पडले. अशा प्रत्येक घटनेनंतर निसर्गाच्या कोपाकडे बोट दाखवण्याचा परिपाठ आहे. वास्तविक हिमालय कसा घडला आणि आजही कसा घडतो आहे, याचा बराचसा उलगडा भूशास्त्रज्ञांनी केलेला आहे. प्रश्न आहे तो या ज्ञानाची दखल घेण्याचा.

पर्वताच्या जन्माला साक्षीदार नसतो. त्याचा पुरावा खडकांतच शोधावा लागतो. त्यातील पहिला पुरावा जीवाश्मांचा. स्पितीच्या खोऱ्यात अमोनाइट या सागरी प्राण्यांचे अवशेष सापडतात. नेपाळमधील गंडकीच्या पात्रातून येणाऱ्या आणि देव्हाऱ्यात पुजल्या जाणाऱ्या अनेक शाळिग्रामांतही हेच अवशेष असतात. भारत आणि आशिया यांच्यामध्ये पूर्वी टेथिस नावाचा समुद्र होता, हे त्यावरून कळते. या समुद्रातील शेवटचे थर सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्या सुमारास समुद्र मिटला आणि दोन भूखंड एकमेकांना भिडले.

दुसरा पुरावा महाराष्ट्राच्या काळ्या कातळात आहे. लाव्हा थिजताना त्यातील लोहयुक्त खनिजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा टिपून ठेवतात आणि त्या दिशेच्या कलावरून खडक कोणत्या अक्षांशावर थिजला हे काढता येते. 1950च्या दशकात दख्खनच्या बेसॉल्टवर असे मोजमाप झाले, तेव्हा हा खडक विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस तयार झाल्याचे दिसले. आज 19 अंश उत्तरेस असलेली मुंबईची भूमी सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी 30 अंश दक्षिणेच्या आसपास होती. भारताच्या उत्तरेकडील प्रवासाचा हा ठोस दाखला होय.

तिसरा पुरावा खनिजांचा. झिरकॉनच्या कणांतील युरेनियमचे ठरावीक गतीने शिशात रूपांतर होते, त्यामुळे हा कण घड्याळाचे काम करतो. लडाखमधील त्सो मोरीरी परिसरात कोएसाइट हे खनिज मिळाले आहे. ते सुमारे 90 किलोमीटर खोलीवरील दाबाखेरीज तयार होत नाही. म्हणजेच भारताच्या भूखंडाची कड आशियाखाली तितकी खोल गेली आणि पुन्हा वर आली. पुढे हिमालयात उत्तरेकडून दक्षिणेकडे एकामागून एक मोठे भ्रंश निर्माण झाले. पर्वत झिजून वाहून गेलेला गाळ बंगालच्या उपसागराच्या तळाशी साचला आहे. 2015 मध्ये तेथे छिद्रे घेऊन मिळवलेल्या नमुन्यांतून उत्थान आणि झीज यांचा क्रम अभ्यासला जात आहे.

हा इतिहास संपलेला नाही, हेच त्याचे खरे महत्त्व. उपग्रहांच्या साह्याने केलेल्या मोजमापांनुसार भारत आजही आशियाकडे वर्षाला सुमारे 4 सेंटिमीटर सरकतो आणि त्यातील जवळपास निम्मी हालचाल हिमालयात सामावली जाते. मोठा भूकंप न होता 500 वर्षे गेली, तर या हिशेबाने सुमारे 10 मीटर सरकणे थकीत राहते. ते सारे एकाच झटक्यात होईल असे नाही आणि त्याचा दिवस कोणालाही सांगता येत नाही. परंतु कोणत्या पट्ट्यात आणि किती मोठा धक्का संभवतो, याचा अंदाज बांधता येतो. नेपाळमध्ये एप्रिल 2015 मध्ये 7.8 तीव्रतेच्या भूकंपाने सुमारे 9 हजार बळी घेतले. ही त्याच थकबाकीची आंशिक वसुली होती.

जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे, तेथे अवजड बांधकामे नकोत, असा इशारा सरकारनेच नेमलेल्या मिश्रा समितीने 1976 मध्ये दिला होता. पुढे जे घडले ते सर्वांसमोर आहे. सीमावर्ती भागात रस्ते हवेत, वीज हवी, यात्रेकरूंची सोय हवी, यात वाद नाही. मात्र भूशास्त्रीय पाहणी हा मंजुरीनंतरचा उपचार ठरता कामा नये. रस्ता कोठून न्यायचा, बोगदा कोठे खणायचा आणि कोठे मुळीच खणायचा नाही, हे त्या पाहणीने ठरवले पाहिजे. अन्यथा खडकांत लिहिलेला इशारा प्रत्येक वेळी दुर्घटनेनंतरच वाचला जाईल.