विश्वासाची जागा वेशीबाहेर

मराठी ख्रिस्ती मंडळींत सध्या एक सल्ला वारंवार दिला जातो. दिवस बरे नाहीत, आपण मूठभर, तेव्हा उपासनेला जावे, मुलांना शिकवावे आणि गावच्या भानगडींपासून चार हात दूर राहावे. सल्ला देणारी माणसे वाईट नाहीत आणि त्यांची भीतीही खोटी नाही. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्काही भरली नाही. प्रार्थनासभेत कोणी घुसल्याच्या बातम्या येतात. आजाऱ्याला मदत केली तरी धर्मांतराचा आळ येईल, अशी धास्ती असते. भीती मला कळते, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला साफ अमान्य आहे.

या सल्ल्यात एक गृहीत दडलेले आहे: विश्वास हा देव आणि मी यांच्यातला खासगी मामला. पवित्र शास्त्रात त्याला आधार नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे चित्र आहे. तिथे भुकेल्याला जेवू घातले का, परक्याला घरात घेतले का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, एवढ्यावरच निवाडा होतो. उपासनेची हजेरी कोणी घेत नाही. कृती नसलेल्या विश्वासाला याकोब जिवंत मानायला तयार नाही. आणि ज्या प्रभूच्या नावाने आपण जमतो, त्याला खिळले तेही यरुशलेमच्या वेशीबाहेर. वेशीबाहेरच्या प्रभूचे अनुयायी चार भिंतींत सुरक्षित राहू म्हणत असतील, तर त्यांनी कोणाचा बाप्तिस्मा घेतला, हे एकदा तपासून पाहावे.

यावर कोणी म्हणेल, ख्रिस्ती लोक समाजाच्या कामात उतरत तो इंग्रजांचा काळ वेगळा होता, तेव्हा राज्यच ख्रिस्ती लोकांचे होते. मग पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. 1897 साली पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल होत होते, त्यांविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून रमाबाईंनी त्यांना सूट दिली नाही. त्याच सुमारास त्या दुष्काळग्रस्त भागातून निराधार मुली आणून केडगावला वसवत होत्या. मुलींना आसरा देणे आणि सरकारला जाब विचारणे, ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीही धर्मकार्य आणि लोकांचा लढा वेगळे मानले नाहीत. बायबलचे मराठी भाषांतर करणारा हा धर्मगुरू वसईची जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत पुढे होता.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो, आणि तो अधिक बोचरा आहे. ख्रिस्ती माणसाची सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष, असा तो आक्षेप. यावर नुसते चिडून चालणार नाही. आपल्यातलेही काही जण सेवेकडे साधन म्हणूनच पाहतात. आत्मे जिंकणे हे खरे काम आणि दवाखाना ही त्याची पायरी, असे त्यांना वाटते. हे म्हणणारे आक्षेप घेणाऱ्यांच्या हाती कोलीत देतात. दोघांनाही माझे उत्तर एकच आहे: जामखेड.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात आले. वेल्लोरचे वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास पाठीशी असताना त्यांना शहरात मोठे नाव कमावता आले असते. इथे त्यांनी दवाखाना तर काढलाच, पण त्याहून धाडसी गोष्ट केली. गावोगावच्या स्त्रिया निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर आणि दलित होत्या. बाळाचे वजन घेणे, सुरक्षित बाळंतपण करणे, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी देणे, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे, हे सारे त्यांना शिकवले. जिच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, तिच्या हातात गावाने आपली बाळे दिली. पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदताना त्या दलित वस्तीत येतील असे पाहिले गेले. पाण्यासाठी उरलेल्या गावाला तिकडे जाणे भाग पडले.

आमिषाने माणूस मिंधा होतो. जामखेडच्या कामाने माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिला. डॉक्टरकडचे ज्ञान गावाच्या हाती गेले आणि गावकरी आपापल्या धर्मात राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने 1975च्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात या कामाची दखल घेतली. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाला साधन म्हणणे म्हणजे ते न समजणे होय. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा प्रभूने दिली, तिला कोणतीही अट जोडली नाही.

तिसरे मत अलीकडे झपाट्याने पसरते आहे: विश्वास धरा, आजार पळेल, कर्ज फिटेल, गाडी येईल. त्याला फार शब्द खर्चायला नकोत. 1999च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूरला कुष्ठरुग्णांची सेवा करणारे मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि त्या बारिपद्यात कुष्ठरुग्णांचे काम पुढे करत राहिल्या. खटला आपल्या मार्गाने चालला, शिक्षाही झाली. क्षमा आणि न्याय एकत्र नांदू शकतात, हे देशाने पाहिले. यशाची हमी देणाऱ्या प्रवचनात या बाईला कुठे बसवणार?

आता आपल्या घरात डोकावू. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींतून बाहेर राहिले. त्या आदेशात 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध दलितांचा समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. हा अन्याय आहे आणि तो दूर झालाच पाहिजे. पण हीच मागणी करणारे आपण सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण?’ असे विचारतो. एका पेल्यातून प्रभुभोजन घ्यायचे आणि लग्नात जात पाहायची, हा ढोंगीपणा आहे. सरकारकडे न्याय मागण्याआधी, निदान मागता मागता, तो आपल्या मंडळीत द्यावा लागेल.

म्हणून पाळकांना, धर्मगुरूंना आणि मंडळीतल्या प्रत्येकाला माझे आवाहन आहे. आठवडाभर कुलूपबंद असलेले चर्चचे सभागृह वस्तीतल्या मुलांना अभ्यासासाठी उघडा. दवाखान्यात कागद वाचता न येणाऱ्या माणसासोबत तुमच्यातली परिचारिका पाठवा. आपल्यावर हल्ला झाला तर घटनेच्या धर्मस्वातंत्र्याच्या 25व्या कलमाचा आधार घेऊन बोला, आणि शेजारच्या मुसलमानावर किंवा दलितावर झाला तर तितक्याच मोठ्याने बोला. मुलामुलींची लग्ने जात न विचारता करा. यात धोका आहे. तो प्रभूने कधी लपवला नव्हता. आपण थोडे आहोत ही सबब त्याच्यापुढे टिकणार नाही, कारण त्याने सुरुवात बारा जणांपासून केली होती.