रोहिणी म्हणजे नळ नव्हे

मुळशीचे धरण तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. मुळा आणि नीला या नद्यांचे तेथे अडवलेले पाणी बोगद्यातून व पोलादी नळांतून सह्याद्रीच्या पायथ्याशी उतरते आणि भिरा येथे १९२७ सालापासून वीज निर्माण करीत आले आहे. अशा नळाकडून आपली अपेक्षा एवढीच, की तो मजबूत असावा आणि गळू नये. रुधिराभिसरणाचा धडा शिकताना आपण हेच चित्र डोळ्यांपुढे आणतो. हृदय म्हणजे पंप आणि रोहिणी म्हणजे नळ! पहिल्या दिवशी ही उपमा फार उपयोगी पडते. परंतु दुसऱ्या दिवशी ती सोडून द्यावी, असे माझे मत आहे. का, ते सांगतो.

रोहिणी खराब झाली तर तिच्या जागी दुसरी नळी बसवावी, ही कल्पना साहजिक आहे. रक्तवाहिन्या एकमेकींना शिवण्याची पद्धत अलेक्सिस कॅरेल यांनी शोधली व त्यासाठी १९१२ सालचे नोबेल पारितोषिक मिळवले. पुढे १९५२ साली अमेरिकेत आर्थर व्हूरहीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी प्राण्यांच्या रोहिणीच्या जागी बसवून दाखवली. नंतर डेक्रॉनच्या नळ्या आल्या. डेक्रॉन म्हणजे दुसरेतिसरे काही नसून ज्याचे शर्ट आपल्याकडे टेरिलीन म्हणून विकले जात, तेच पॉलिएस्टर! पोटातील महारोहिणीच्या जागी अशी नळी बसवून असंख्य रोगी बरे झाले. नळाची उपमा जणू खरी ठरली.

पण सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा बारीक रोहिणीच्या जागी तीच नळी बसवली, की बहुधा काही दिवसांत किंवा महिन्यांत ती बुजते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या तर जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर व्यासाच्या असतात.

असे का व्हावे? आधी थोडे गणित करू. महारोहिणीचा व्यास २५ मिलिमीटर धरा. तिच्या आत सर्व बाजूंनी १ मिलिमीटर जाडीचा थर बसला, तर व्यास २३ उरेल. ४ मिलिमीटरच्या रोहिणीत तेवढाच थर बसला, तर व्यास २ उरेल. फ्रेंच वैद्य प्वाझय यांच्या नियमानुसार, दाब तोच असेल तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे ढोबळ हिशेबाने मोठ्या वाहिनीतील प्रवाह शंभरावरून बहात्तरवर येईल, तर लहान वाहिनीतील शंभरावरून सहावर! वहीत हा हिशेब स्वतः करून पाहा.

आता प्रश्न असा, की निरोगी रोहिणीत हा थर का बसत नाही? तिच्या आतल्या बाजूला फक्त एका पेशीच्या जाडीचे जिवंत अस्तर असते. या पेशी नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही द्रव्ये सोडतात. त्यांमुळे रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटत नाहीत, गुठळी होत नाही आणि वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल होऊन ती रुंदावते. तुम्ही धावू लागलात की पायाच्या स्नायूंतील रोहिण्या रुंद होतात. कोणता पोलादी नळ असे करील? नायट्रिक ऑक्साइडच्या या कार्याचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, रोहिणी हे एक काम करणारे इंद्रिय आहे.

याचा पुरावा शस्त्रक्रियेतही सापडतो. १९६७ साली रेने फावालोरो यांनी रोग्याच्या पायातील नीला काढून हृदयाच्या तुंबलेल्या रोहिणीला वळसा घालणारा मार्ग तयार केला. ही शस्त्रक्रिया आज जगभर होते. पण नीला कमी दाबासाठी घडलेली असते. दहा वर्षांनी अशा नीलांपैकी सुमारे निम्म्या बंद पडलेल्या किंवा रोगट झालेल्या आढळतात. त्याच कामी छातीच्या आतील रोहिणी वापरली, तर दहांपैकी सुमारे नऊ त्या वेळीही वाहत असतात. दोन्ही वाहिन्या रोग्याच्याच, दोन्ही जिवंत. पण एक या कामासाठी घडलेली आणि दुसरी नाही. शिवाय कित्येक रोग्यांच्या पायांत वापरण्याजोगी नीलाच उरलेली नसते.

आपल्या महाराष्ट्रानेही या प्रश्नाशी झुंज दिली आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांचे सहकारी उदवाडिया, किनरे आणि परुळकर यांनी १९६५ साली एक धाडसी उपाय प्रसिद्ध केला. सापाच्या हृदयातील स्नायूला पुष्कळसे रक्त थेट हृदयाच्या कप्प्यातूनच मिळते. मग माणसाच्या हृदयाच्या स्नायूतही सुईने बारीक वाटा का पाडू नयेत? कल्पना सुंदर होती, पण जखम भरावी तशा त्या वाटा बुजून जात. जिवंत ऊती आपल्या कृतीला उत्तर देतात, हा धडा त्यातूनही मिळाला.

म्हणून शास्त्रज्ञ रोहिणी 'वाढवण्याकडे' वळले. १९८६ साली वाइनबर्ग व बेल यांनी कोलॅजेन आणि पेशी यांपासून वाहिनी केली. ती इतकी दुबळी होती, की डेक्रॉनच्या जाळीचा आधार द्यावा लागला. १९९८ साली लोरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी पेशींचे पापुद्रे गुंडाळून, कृत्रिम धागा न वापरता बळकट वाहिनी केली. १९९९ साली लॉरा निकलासन यांच्या गटाने विरघळणाऱ्या जाळीवर पेशी वाढवल्या आणि आठ आठवडे त्यांना नाडीसारखे ठोके दिले. रोज तालमीत घाम गाळणारा मल्ल जसा घडतो, तशी ठोके सोसणारी वाहिनी बळकट झाली!

मात्र रोग्याच्या स्वतःच्या पेशींपासून वाहिनी वाढवायला महिने लागतात, आणि अपघातात सापडलेला माणूस तितका थांबू शकत नाही. म्हणून नवी युक्ती निघाली. दुसऱ्याच्या पेशींकडून वाहिनी विणून घ्यायची, मग त्या पेशी धुऊन टाकायच्या आणि उरलेला प्रथिनांचा सांगाडा साठवून ठेवायचा. अशा वाहिनीला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये प्रौढांच्या हातापायांतील रोहिणीच्या इजेसाठी मान्यता मिळाली.

तुम्ही विचाराल, पेशी धुतल्या म्हणजे पुन्हा नळच झाला की! शंका रास्त आहे. पण फरक असा, की या सांगाड्यात रोग्याच्या स्वतःच्या पेशी हळूहळू वस्तीला येतात. तो नळ नव्हे, नांगरून ठेवलेले शेत आहे. तरीही उतावीळ होऊ नये. या वाहिनीचा व्यास ६ मिलिमीटर आहे. हृदयाच्या रोहिणीचा प्रश्न त्याने सुटत नाही. शिवाय ती फुटण्याचा किंवा शिवणीत उसवण्याचा धोका असल्याचा ठळक इशारा तिच्यावर छापावा लागतो.

मग आपण काय करावे? मुळशीच्या एखाद्या दूरच्या वाडीत भातशेतीच्या यंत्रात पाय सापडून रोहिणी तुटली, तर पाय वाचवण्यासाठी काही तासच हाती असतात. पुण्याला पोचेपर्यंत त्यांतले किती उरतील? अशा माणसाला उपयोगी पडायची, तर वाहिनी तयार, टिकाऊ आणि परवडणारी हवी. ती नुसती आयात करून भागणार नाही, असे मला वाटते. याच तालुक्यात लवळे येथे मूलपेशींवर संशोधन करणारे केंद्र आहे, पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. पण या कामाला पेशी जाणणाऱ्यांबरोबर धागे, प्रवाह आणि यंत्रे जाणणारेही लागतील. ते तुमच्यातूनच यायचे आहेत.

आणि शिक्षकांना एक विनंती. खाटकाकडून बोकडाचे हृदय मोठ्या वाहिन्यांसकट आणावे. रोहिणीची आणि नीलेची एकेक चकती कापून रबरी नळीच्या चकतीशेजारी ठेवावी. मुलांना हातमोजे घालून त्या ताणायला, दाबायला सांगावे. नीला चपटी पडते, रोहिणी उघडी राहते आणि ताणून सोडली की पूर्ववत होते. मग विचारावे, "मेलेली रोहिणी एवढे करते, तर जिवंत रोहिणी आणखी काय काय करीत असेल?" या प्रश्नाने सुरू झालेला तास नळाच्या चित्रावर थांबणार नाही.